संसाराची बांधाबांध

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा चालक भगिनींनी मला सांगितले, "तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहून द्या." केनवडसारख्या गावात बसून कोणता इतिहास लिहावा, हा प्रश्नच होता. आपल्याकडे किल्ला नाही, गढ्या होत्या त्या ढासळल्या. जिल्ह्याच्या गावाला, म्हणजे वाशीमला, एके काळी वाकाटकांची वत्सगुल्म नगरी होती खरी; पण त्यावर विद्वानांनी ताम्रपट वाचून पुष्कळ लिहिले आहे, त्यात माझ्यासारखीने भर ती काय घालावी? तेव्हा म्हटले, ज्या गोष्टीत आपल्याला चार अक्षरे कळतात तिचाच इतिहास पाहावा. मला कळते ती गोष्ट म्हणजे बिऱ्हाड हलवणे. मास्तरांची बायको म्हणून केनवडला येऊन स्थिर होईपर्यंत मी सात वेळा संसार बांधला आणि सात वेळा सोडला. कोणते भांडे कोणत्या भांड्यात बसते, लोणच्याची बरणी कोणाच्या मांडीवर द्यायची आणि देव कशात ठेवायचे, हे मला झोपेतही सांगता येईल.

इतिहासात बिऱ्हाड हलवण्याची गोष्ट म्हटली की आपणा सर्वांना शाळेतला महंमद तुघलक आठवतो. १३२७ साली त्याने दिल्लीची राजधानी देवगिरीला आणली, तिचे नाव दौलताबाद ठेवले आणि लोकांना तिकडे जायचे फर्मान काढले. अंतर हजार किलोमीटरहून अधिक. दिल्लीत एक पांगळा आणि एक आंधळा मागे राहिले होते, त्यांचे काय हाल केले याची अंगावर काटा आणणारी गोष्ट इब्न बतूताने लिहिली आहे. पण तो स्वतः काही वर्षांनी हिंदुस्थानात आला, म्हणजे ही त्याची ऐकीव गोष्ट. सारी दिल्ली ओस पडली नव्हती. मुख्यतः दरबारी लोक, मौलवी, सूफी आणि त्यांची कुटुंबे हलवली गेली, असे आता इतिहासकार मानतात. पुढे सुलतानाने परत जायला परवानगीही दिली. शहाणपण की वेडेपणा यावर आजवर वाद चालला आहे. माझे म्हणणे वेगळेच आहे. तवारीख लिहिणाऱ्यांनी सुलतानाच्या स्वभावावर पानेच्या पाने खर्च केली, पण त्या घरांतून पेट्या कोणी भरल्या, काय उचलले आणि काय चुलीपाशी ठेवून दिले, यावर त्यांनी शाई खर्च केली नाही. फर्मान सुलतानाचे, बांधाबांध मात्र माजघरातली.

सात बिऱ्हाडांनी मला एक शिकवले. संसार केवढा असावा हे आपल्या हौसेवर ठरत नाही. तो कशावर लादून न्यायचा आहे यावर ठरते. आणि त्यातले काय न्यायचे हे, निघायला किती वेळ हाती आहे यावर. वाहन आणि वेळ, या दोन गोष्टी धरून पाहिले तर आपल्या मुलखाचाच बराचसा इतिहास उलगडतो.

आधी वाहनाचे सांगते. आपल्या जिल्ह्यात मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. तिथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे आणि देशभरचे बंजारा लोक तिथे येतात. आज तांडा म्हटला की आपल्याला गावाबाहेरची वस्ती दिसते. पण तांडा म्हणजे मुळात चालणारा समुदाय. रस्ते नव्हते, गाड्या चालतील अशा वाटा थोड्या, तेव्हा मीठ, धान्य, कापूस हे सगळे बैलांच्या पाठीवरून जात असे. या व्यवसायाला ते लदेणी म्हणत. समुद्राकाठचे मीठ आपल्या आजीच्या आजीच्या चुलीपर्यंत आले ते या बैलांच्या पाठीवरून. १६३२ साली पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाला मोगल मुलखात धान्य लादलेल्या चौदा हजार बैलांचा तांडा भेटला. त्याने लिहून ठेवले आहे की हे लोक बायकामुलांसह सगळा संसार बरोबर घेऊन चालतात, आणि गुरांना चारा मिळेल तसतसे दिवसाला सहा-सात मैलच जातात. तावर्निये या फ्रेंच व्यापाऱ्यानेही असेच दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिले.

चौदा हजार बैल! पुरुष इतिहासकार हा आकडा वाचून सैन्याच्या रसदीचा हिशेब करतात. १८०३ साली वेलस्लीची फौज असई, अडगाव, गाविलगड अशी लढत वऱ्हाडात फिरली तेव्हा तिचे धान्य याच लोकांच्या बैलांवर होते, हे खरेच आहे. मला मात्र दिसते ते हे, की त्या कळपातल्या काही बैलांवर धान्य नसणार. त्यांच्यावर घर असणार. मग एका बैलावर केवढे घर मावते? याचे माप आपल्या वऱ्हाडच्याच एका नोंदीतून काढता येते. १८२५-२६ साली विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी वऱ्हाडातून मुंबईला पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कापूस धाडला. तो १,२०,००० पौंड कापूस ५०० बैलांवर लादला होता. भागाकार केला की एका बैलावर २४० पौंड, म्हणजे सुमारे एकशेनऊ किलो येतात. पाठीच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या गोणीत हे वजन सारखे वाटायचे, नाहीतर बैलाची पाठ सोलते. भगिनींनो, आपल्या स्वयंपाकघरातली नुसती भांडी या मापात बसवून पाहा, म्हणजे त्या बायांच्या हिशेबाची कल्पना येईल. त्यातही धान्याचा एक बैल घरासाठी अडवला म्हणजे तेवढे भाडे बुडाले. संसारातली प्रत्येक जादा वस्तू मिळकतीतून वजा होत होती.

म्हणून बंजारा स्त्रीने युक्ती केली. आपण जे कपाटात ठेवतो ते तिने अंगावर घेतले. फेटिया, कांचळी, टुकरी यांवर आरसे, कवड्या, नाणी आणि घट्ट टाक्यांचे भरतकाम, हातभर बलिया, केसांत चांदीच्या घुगऱ्या. आपण तो वेष जत्रेत पाहतो आणि "किती ही हौस!" म्हणतो. हौस होतीच, आणि का नसावी? पण हातभर बांगड्यांना कुलूप लागत नाही, पेटी लागत नाही आणि बैलही लागत नाही. घरातले सोनेनाणे, दागदागिने आणि कलाकुसर हे सगळे स्वतःच्या पायांनी चालत असे. गोण्याही घरच्याच विणीच्या. मुक्कामाला त्याच गोण्या रचून भिंत करायची, तिच्या आत माणसे, बाहेर कुत्री. म्हणजे दिवसा जे सामान, तेच रात्री घर. मी सात वेळा खोकी, गोणपाट आणि सुतळी विकत आणली. बांधायच्या वस्तूचीच भिंत करावी हे मला कधी सुचले नाही.

१८६७ साली आगगाडी भुसावळकडून अकोल्यावरून नागपूरला पोचली आणि लदेणीचा पाया सुटला. जो कापूस पूर्वी अमरावतीहून थेट मिर्झापूरपर्यंत बैलांवर जाई तो मालडब्यात बसून मुंबईला जाऊ लागला. तांडे हळूहळू थांबले. पोट शेतीवर आणि मजुरीवर आले. १८७१ साली सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि पुढे तो पसरत गेला. त्याखाली ज्या भटक्या जमाती आल्या त्यांना बिऱ्हाड हलवायला पास आणि मुक्कामाला हजेरी लागू लागली. काही भागांत बंजारेही त्यात सापडले. ज्यांचे सगळे जगणेच चालण्यावर, त्यांना चालण्यासाठी चिठ्ठी! तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ च्या ३१ ऑगस्टला गेला.

बैलाच्या पाठीवरून संसार बंडीवर आला तसा तो वाढला. आपल्या वऱ्हाडात माणसांसाठी दमणी आणि सामानासाठी बंडी. बंडीत काय मावत नाही? उखळ आले, पाटा आला, जाते आले, कणगीतली ज्वारी आली, पाळणा आला. मातीची उतरंड न्यायची तर खाली कुटार पसरायचे, प्रत्येक मडक्याच्या पोटात कुटार, दोन मडक्यांच्या मध्ये कुटार. पितळी भांडी एकात एक घालायची, आणि मधल्या फटीत जुने लुगडे. त्याने भांडे वाजत नाही आणि लुगडेही जाते. देव तांदळाच्या डब्यात. तुळस मात्र कोणीतरी हातात धरायची. माझ्या सासूबाईंच्या वेळी आपल्या बाजूने अकोला गाठायचे तर मालेगाव, मेडशी, पातूर करत वाटेत मुक्काम टाकावे लागत. मुक्कामाला लागणारा तवा, पीठ, मीठ आणि कंदील हे सगळ्यांत शेवटी, अगदी वर ठेवायचे. नवशिकी बाई हेच पहिल्यांदा बांधते आणि मग पातूरच्या धर्मशाळेत सगळी बंडी उपसते.

आगगाडीने पुन्हा संसार आवळला. गाडीच्या डब्यात जाते नेता येईना. तिथे आली पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि कुलूप. बंडीवरच्या सामानाला कुलूप कशाला? बरोबर घरचीच माणसे. आगगाडीत मात्र परकी माणसे शेजारी बसू लागली, म्हणून कुलूप आले आणि ट्रंकेवर रंगाने नाव व गाव लिहायची पद्धत आली. कित्येक घरांत माळ्यावर अशा ट्रंका अजून आहेत. त्यांवरची गावांची नावे वाचली तर त्या घराचा सगळा प्रवास कळतो. पुढे मालट्रक मिळू लागले तेव्हा आम्ही गोदरेजचे कपाटसुद्धा उभेच्या उभे दोरखंडाने बांधून नेले. तरी एक सांगते, आमच्या सात बिऱ्हाडांत तिसऱ्या वेळी जाते मागे राहिले ते पुन्हा आले नाही. गावात पिठाची गिरणी झाली होती. न्यायचे कशाला, असे घरात सगळ्यांचे मत पडले. माझेही तेच होते.

आता वेळेचे. सुखाची बांधाबांध म्हणजे बदलीची. हुकूम हातात येतो, शाळेची परीक्षा झालेली असते, पंधरा दिवस मिळतात. शेजारणी मदतीला येतात आणि मदतीपेक्षा जास्त बोलतात. कोणाचे सूप आपल्याकडे राहिलेले असते, आपली परात कोणाकडे असते. तो सगळा हिशेब पुरा होतो. मीठ आणि केरसुणी जुन्या घरातून न्यावी की नाही यावर दर गावी वेगळे शास्त्र. नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू घालायचे, यावर मात्र सगळीकडे एकमत.

गंमत अशी की आपण न हलताही आपले बिऱ्हाड हलवले जाते. माझा जन्म १९५० चा. तेव्हा आपला वऱ्हाड मध्यप्रदेशात होता आणि राजधानी नागपूर. १९५६ च्या १ नोव्हेंबरला आम्ही मुंबई राज्यात गेलो, १९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्रात. पूर्वी वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता, तो १९०५ साली मोडून वाशीम तालुका अकोल्याला जोडला. पुन्हा १९९८ च्या १ जुलैला वाशीम जिल्हा झाला. म्हणजे त्या दिवशी एकही गाठोडे न बांधता आम्ही अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्ह्यात आलो! पण कागदावरची रेघ हलली की कोणाला तरी खरोखरच सामान बांधावे लागते. १९०५ साली वाशीमच्या कचेरीतल्या कारकुनांना ते बांधावे लागले असणार. १९५६ साली नागपूरची राजधानी गेली तेव्हा नोकरवर्गाची वाटणी झाली; कोणी भोपाळला, कोणी मुंबईला. नागपूरच्या प्रशस्त अंगणातून मुंबईच्या एका खोलीत जायचे, तेव्हा त्या बायांनी काय काय वाटून टाकले असेल याचा विचार राज्यपुनर्रचनेच्या अहवालात नाही. तो असावा अशी माझी अपेक्षाही नाही, पण मनात आले ते लिहिले.

आपल्या गावातल्या एका बांधाबांधीकडे मात्र आपले कधी लक्ष जात नाही, कारण ती दर वर्षी ठरल्या दिवशी होते. गुढीपाडव्याला सालगडी बदलतात. जुने साल पुरे झाले, नवे ठरले की गड्याचे कुटुंब एका मालकाच्या गोठ्याशेजारच्या खोलीतून दुसऱ्या मालकाच्या वाड्यापाशी जाते. आपण गुढी उभारून श्रीखंड-पुरीच्या तयारीत असतो तेव्हा ती बाई दोन गाठोडी, एक पेटी आणि कोंबड्यांची टोपली घेऊन गल्लीतून जात असते. बंडी लागतच नाही. संसार डोक्यावर मावेल एवढाच आहे.

दुष्काळाचे फार लिहीत नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाड होरपळून निघाला. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे एकोणतीस लाख होती, ती १९०१ साली साडेसत्तावीस लाखांच्या आसपास आली. दुष्काळात घर सोडताना बांधायला फारसे काही उरतच नाही, कारण पितळ आधीच विकलेले असते. आधी घंगाळ जाते, मग हंडे, मग ताटे. तवा आणि तांब्या शेवटपर्यंत राहतात.

सगळ्यांत घाईची बांधाबांध आपल्या या भागाने पाहिली ती १९४८ साली. तरुण भगिनींना कदाचित ठाऊक नसेल म्हणून सांगते. रिसोडच्या दक्षिणेला, आज जिथे आपण सेनगाव-हिंगोलीला सहज जातो, तिथे तेव्हा निजामाचे राज्य होते. आपल्या बाजूची माणसे त्या मुलखाला मोगलाई म्हणत. पैनगंगा बऱ्याच ठिकाणी दोहोंची सीमा. अलीकडे १९४७ च्या १५ ऑगस्टला स्वातंत्र्य आले. पलीकडे निजामाने भारतात सामील व्हायचे नाकारले, आणि कासीम रझवीच्या रझाकारांनी गावोगावी दहशत बसवली. तेव्हा हैदराबाद संस्थानातून हजारो कुटुंबे सीमा ओलांडून आजूबाजूच्या मुलखात आली. आपल्या वऱ्हाडातही आली. उमरखेडला स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचा कॅम्प होता, तिथून पलीकडचा लढा चाले.

त्या वेळी अलीकडे आलेल्या काही बायका मी पुढे म्हाताऱ्या झालेल्या पाहिल्या. त्यांच्याकडून ही गोष्ट निरनिराळ्या तोंडांनी ऐकली, पण तिचा क्रम जवळजवळ सारखाच होता. दिवसा काही बांधायचे नाही. घराबाहेर सामान दिसले तर बोभाटा होतो. संध्याकाळी रोजच्यासारखी चूल पेटवायची, भाकऱ्या मात्र दुप्पट थापायच्या. धान्य न्यायचे नाही. ते पेवात आहे, पेवाचे तोंड लिंपलेले आहे, त्यावर माती ओढून गुरे बांधायची, म्हणजे जमीन तुडवली जाऊन खूण राहत नाही. दागिने कोणी पिठाच्या पिशवीत घातले, कोणी लहान मुलाच्या कुंचीच्या अस्तरात शिवले. जमिनीचे कागद फडक्यात बांधून पुरुषाच्या कमरेला नाही, तर म्हातारीच्या कमरेला. तिची झडती कोण घेणार, असा हिशेब. देव घेतले. गुरांपैकी दुभती तेवढी पुढे हाकायची आणि गळ्यातल्या घंटा सोडून ठेवायच्या, कारण घंटा वाजतात. कुत्रे मागे येते, त्याला भाकरी टाकून दारात बांधायचे. हे सांगताना एका आजींचा आवाज दर वेळी बदलत असे. घर, शेत, पेव यांबद्दल त्या शांतपणे सांगत, कुत्र्यापाशी आल्या की थांबत.

या बायकांना बैल, बंडी, ट्रंक काही मिळाले नाही. मिळाली ती एक रात्र. आणि त्या एका रात्रीत त्यांनी जे ठरवले त्यात मला कुठेही गडबड दिसत नाही. काय परत मिळण्यासारखे आहे ते जमिनीत ठेवले. काय गेले तर पुन्हा उभे राहता येणार नाही ते अंगावर घेतले. भाकरी वर ठेवली. इतका नेटका हिशेब पंधरा दिवस मिळूनही मला कधी जमला नाही.

१३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. तो दिवस आता मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. पुष्कळ कुटुंबे परत गेली. पेवे उघडली तेव्हा कोणाचे धान्य शाबूत निघाले, कोणाचे पाणी शिरून कुजलेले. काहींच्या घराची कवाडे आणि आढी नेलेली होती. आणि इथे एक गोष्ट सांगितली नाही तर लेख अर्धवट राहील. सैन्य आल्यानंतर संस्थानात मुसलमानांवर सूड उगवले गेले. सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती नेमली, तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत सर्वांत जास्त हानी झाल्याचे नोंदवले. तो अहवाल पुष्कळ वर्षे लोकांसमोर आला नव्हता. म्हणजे आधी एका आळीत दुप्पट भाकऱ्या थापल्या गेल्या, आणि काही महिन्यांनी दुसऱ्या आळीत. त्याही बायकांनी कागद कोणाच्या कमरेला बांधले असतील आणि कोणाचे कुत्रे दारात राहिले असेल.

हे सगळे जुने झाले असे म्हणून मी लेख संपवणार होते. पण दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्याच जिल्ह्यातल्या तांड्यांतून आणि वस्त्यांतून पाहा. सोयाबीन निघालेले असते, शेतावर काम उरत नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडे, कोणी वीटभट्टीवर, निघतात. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात; मजुरी जोडीची, उचलही जोडीची. बीड जिल्ह्यातून हे लोक फार मोठ्या संख्येने जातात हे सगळ्यांना माहीत असते. आपल्याकडूनही जातात हे आपण विसरतो. ज्यांचे पूर्वज बैलांवर मीठ आणि धान्य घेऊन येत, त्यांच्यापैकी कित्येक आता स्वतःच ट्रकमध्ये लादले जातात. एकेका ट्रकमध्ये अनेक संसार, म्हणून एकेकाच्या वाट्याला जागा थोडी. पाच-सहा महिन्यांचे पीठमीठ, दोन पातेली, तवा, परात, पांघरुणे, कोपीवर घालायला प्लास्टिकचा कागद, कोयते, एखादी शेळी. याला मी आता वेगळा हिशेब लावत नाही. बैलाच्या पाठीवरचाच तो हिशेब आहे.

त्यात एक वस्तू मात्र पूर्वीच्या कुठल्याही बिऱ्हाडात नव्हती, ती म्हणजे मुलाचे दप्तर. ते कशात बांधायचे? बरोबर नेले तर तिकडे फडाजवळ शाळा मिळेलच असे नाही. काही कारखान्यांपाशी साखरशाळा चालल्या, सगळीकडे नाहीत. मूल इथेच ठेवावे तर सांभाळायला म्हातारे माणूस हवे. त्यासाठी शासनाने हंगामी वसतिगृहाची योजना काढली, गावातच मुलांची जेवणाची सोय करायची, म्हणजे आईबाप गेले तरी मूल शाळेत राहील. जिथे ती वेळेवर सुरू होते तिथे आई निश्चिंत जाते. जिथे दिवाळीनंतर महिनाभराने सुरू होते तिथे मूल आधीच ट्रकमध्ये बसलेले असते. मास्तरांची ही तक्रार मी कित्येक वर्षे ऐकली. नोव्हेंबरात हजेरीपटावर लाल शाईच्या खुणा वाढू लागत, आणि ते घरी येऊन नावे सांगत.

मुली जास्त जातात. लहान भावंडांना फडाच्या कडेला सांभाळायला कोणीतरी हवे असते, आणि ती नऊ-दहा वर्षांची असली तरी चालते. आई तिची कपड्यांची पिशवी इतरांच्या आधी भरते. दप्तर आजीच्या घरी खुंटीला असते. एप्रिलमध्ये परत आल्यावर ते तिथेच असते, पुस्तके तेवढी तिच्या वर्गाची राहिलेली नसतात.